सहीशेजारची वेळ

मंडळी, यंदा माईक हातात घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. पण गेल्या रविवारी मुलीला घेऊन सोलच्या सोग्योदोंग भागातलं, दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चोई क्यू-हा यांचं घर बघायला गेलो आणि ती जे बोलली ते अजून गळ्यात अडकलंय.

होंगडेच्या झगमगाटाच्या एवढ्या जवळ, आणि घर कसं? तळघरात योनतानचा, म्हणजे कोळशाच्या विटांचा, बॉयलर. चोईंनी खाणकामगारांना शब्द दिला होता, आयुष्यभर कोळसाच जाळीन. खुर्ची गेली, शब्द पाळला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे जानेवारीत ओंदोल, जमिनीखालचं हीटिंग, फुल, आणि मी हाफ पँटीत.

२६ ऑक्टोबर १९७९ला राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांना त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने गोळ्या घातल्या आणि पंतप्रधान चोई हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. डिसेंबरात रीतसर निवडले गेले. सहाच दिवसांत जनरल चुन डू-ह्वान यांच्या माणसांनी लष्करप्रमुखांनाच उचललं आणि मंजुरी मागितली. चोईंनी रात्रभर ताणलं. पहाटे सही केली, शेजारी वेळ घातली: ५:१०. अटक आधी, परवानगी मागाहून, हे कागदावर राहावं म्हणून.

मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "पण सही केलीच ना, बाबा?"

पुढे मे १९८०, ग्वांगजू शहरात लष्कराने आंदोलकांवर गोळ्या झाडल्या. १६ ऑगस्टला चोईंचा राजीनामा. मग मौन. १९९६ मध्ये चुन यांच्या खटल्यात कोर्टात धरून आणलं तरी साक्ष दिली नाही. २००६ मध्ये गेले, सगळं पोटात घेऊन.

हसू नका, मीही या मंडळाचा अध्यक्ष आठ महिनेच होतो! गणपतीच्या हिशेबाची ती सभा आठवते? इतिवृत्तावर मी न वाचता सही ठोकली. वेळसुद्धा घातली नाही. घरी येऊन मात्र बायकोसमोर तासभर तोफा डागल्या. पोरगी शेजारीच गृहपाठ करत होती. आणि तुम्ही? निम्मे जण गाडीपाशी येऊन कानात सांगून गेलात, "तुमचंच बरोबर होतं." पार्किंगमध्ये आपल्या अंगात टिळक संचारतात, सभागृहात सगळ्यांच्या तोंडात चकली.

परतताना मेट्रोत तिने विचारलं, "ते बोलले असते तर काय झालं असतं?"

तुरुंग? आणखी रक्त? की काहीच नाही? माहीत नाही म्हणालो.

"आणि तू बोलला असतास तर?"

मी दारावरची स्टेशनं मोजत बसलो.

आज जेवणानंतर पुन्हा हिशेबाची सभा आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे.