मॉडेल दारातून आत येत नाही

(वाशीतल्या नागरिकांसमोरच्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय आहे शहराला वास्तुकलेचं कायमचं दालन का हवं. पण आधी एक राग काढून घेतो. सॅम्पल फ्लॅट बघून आलेले हात वर करा. बघा, सगळेच! म्हणजे वास्तुकलेचं प्रदर्शन सगळ्यांनी पाहिलंय, फक्त ते बिल्डरच्या सेल्स ऑफिसात होतं.

ते मॉडेल आठवा. काचेच्या पेटीत टॉवर, खिडक्यांत एलईडी. प्रमाण १:२०० असेल तर चार मीटरची गाडी दोन सेंटिमीटरची हवी. सव्वा सेंटिमीटरची चिकटवली की समोरचा रस्ता फुकटात रुंद होतो. शेजारची इमारत नसते, नाला नसतो, प्लॉटच्या कडेपर्यंत हिरवं गवत आणि मग थेट काच. उत्तर दिशा कुठे, असं विचारून बघा. आधी पाणी येतं, मग मॅनेजर येतो. उत्तर काही येत नाही. (हशा)

आणि हे घडतं कुठे? जे शहर बांधण्याआधी कागदावर काढलं गेलं, त्या शहरात. १९६५ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे आपल्या नवी मुंबईची कल्पना मांडली, १९७० मध्ये ती उभारायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत कोरियांनी साधारण आठ मीटर बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती सात-सात घरं बसवली. भिंत कुणाशी सामाईक नाही, कारण ज्याला वाढवायचंय त्याने शेजाऱ्याला न विचारता घर वाढवावं. लोकांनी वाढवलं, काहींनी पाडून नवं बांधलं. त्यामुळे आज तिथे उभं राहून मूळ विचार दिसत नाही. १:५० चं मॉडेल करा, अंगण सोळा सेंटिमीटरचं होईल. वाढवलेले मजले सुटे ठेवा, पोरं उचलून बघतील. कोरियांनी आपला संग्रह लंडनच्या ‘रिबा’ या वास्तुविशारदांच्या संस्थेला दिला. चंदीगडने मात्र आपल्या जन्माचे कागद सांभाळायला सेक्टर १० मध्ये स्वतंत्र संग्रहालय केलंय.

‘प्रदर्शनाला नाट्यगृहाची लॉबी आहे की!’ असं कुणीतरी म्हणतंच. आहे ना. मॉडेलचा पाया आठ बाय चार फुटांचा प्लायवुड, दार तीन फुटांचं. आडवं केलं की फेव्हिकॉलने लावलेली झाडं अर्ध्या वाटेवर गळतात. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या कडा फुगतात, एका बाजूने प्रिंट चिकटवलेला सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड वाकतो, ट्रेसिंग पेपरला लाटा येतात. वर ट्यूबलाइटचा लखलखाट. मूळ नकाशाला पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड चालत नाही, अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाची जुन्या पद्धतीची प्रत, तर बघता बघता उडते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ मुद्दा आता पळवत सांगावा लागणार.

दालन तळमजल्यावर हवं, टेम्पो दारापर्यंत यावा, दोन झडपांचं सहा फूट मोकळं दार. एसी रात्रीही चालू. दिवसा कोरडं आणि रात्री दमट, या हेलकाव्यानेच कागद जास्त मरतो. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास. नकाशाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर, मॉडेलचं टेबल ७५ वर, म्हणजे व्हीलचेअरवरच्या माणसालाही वरून दिसतं. भाडं नाटकासारखं सत्रावर लावू नका, मांडायलाच दोन दिवस जातात.

आणि मुख्य काम, विकास आराखडा. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. १:५००० च्या नकाशावर तुमच्या घरासमोरचा नऊ मीटरचा रस्ता दोन मिलिमीटरही भरत नाही. हरकत घेणार कशावर? त्या मुदतीत प्रत्येक नोडचं, म्हणजे वाशी-बेलापूरसारख्या प्रत्येक उपनगराचं, १:५०० चं मॉडेल दालनात ठेवा, नऊ मीटर म्हणजे अठरा मिलिमीटर, चष्मा लावून दिसतात. आरक्षणांना रंग द्या, शेजारी हरकतीचे फॉर्म आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवा. जागा? महापालिकेच्या कुठल्याही नव्या इमारतीचा तळमजला चालेल, फक्त नकाशा मंजूर करताना दार मोजून घ्या.