बँका मोठ्या कशाने होतात?

(तालुक्याच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'बँकांवरील नियंत्रण आणि जगाच्या बाजारात आपल्या बँका'. त्याकडे येणारच आहे. पण जून तोंडावर आलाय, समोर बसलेले बरेच जण पीक कर्जाच्या रांगेतून सरळ इथे आलेत, तेव्हा सुरुवात रांगेपासूनच करू.

आमच्या गावचे एक काका. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. गेल्या हंगामात दीड लाखाचं पीक कर्ज मागायला शाखेत गेले. सातबारा, आठ-अ, आधार, फोटो, सगळं थैलीत व्यवस्थित. साहेब म्हणाले, आजूबाजूच्या सगळ्या बँकांचे नो ड्यूज आणा. एक बँक तालुक्याला, दुसरी आणखी पुढे, आणि सोसायटीचे सचिव भेटतील त्या दिवशी भेटणार. आणले बिचाऱ्यांनी. मग म्हणाले, तुमचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण, कमी आहे. का? तर मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला कधीकाळी जामीन राहिले होते. बरं, मग काय करायचं? तर जमिनीचं गहाणखत करून द्या. गहाणखताचा कागद होईपर्यंत मृग बरसून गेला. काकांनी कृषी केंद्रातून बियाणं उधार उचललं आणि खतासाठी सावकाराचे शेकडा तीनने पैसे. संध्याकाळी ओट्यावर मला म्हणाले, "भाऊ, माह्यावर बँकेचा एक रुपया थकीत नाई, मंग हे सारं कायले?"

(मागून आवाज : आमचंबी असंच झालं!)

झालंच असणार. आता ऐका. १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाला दोन लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. त्याआधीही ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. म्हणजे काकांकडून मागितलेलं गहाणखत हा नियम नव्हताच; तो त्या खुर्चीने तयार केला होता. वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज चार टक्क्यांनी पडतं. सावकाराचे महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस. मधल्या बत्तीस टक्क्यांचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आणि काही वर्षांपूर्वी वर, बड्या कर्जदारांकडे, काय चाललं होतं? आपण मार्चमध्ये जुनं-नवं करतो ना, तसंच मोठमोठ्या कारखान्यांचं चाललेलं. जुनं कर्ज फिटावं म्हणून नवं द्यायचं आणि खातं चांगलं दाखवायचं. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळी खाती उघडून तपासायला लावली, तेव्हा खरं बाहेर आलं. मार्च २०१८ मध्ये थकीत कर्जं एकूण कर्जाच्या ११ टक्क्यांवर गेली होती, आणि त्यातला मोठा वाटा बड्या उद्योगांचा. पाच एकरवाल्याला कागदावर कागद आणि हजारो कोटीवाल्याला मुदतीवर मुदत! माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, तेव्हा मूळ विषय झटपट सांगतो. काही जण म्हणतात, आपले नियम कडक म्हणून आपल्या बँका जगात मागे. बासेलचा, म्हणजे बँकांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम, जोखमीनुसार मोजलेल्या कर्जांच्या आठ टक्के स्वतःचं भांडवल ठेवा म्हणतो, आपण नऊ मागतो. एवढं सैल करा की बँका धावतील. मला हे पटत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी जगातल्या सगळ्यात मोठ्या बँकांत बहुतेक जपानी होत्या. त्यांच्याकडच्या शेअर्सच्या वाढलेल्या किमतीतला ४५ टक्के नफा, न विकताच, भांडवल म्हणून धरायची मुभा होती. बाजार पडला आणि भांडवलही गेलं. १९९७ मध्ये होक्काइडो ताकुशोकु बँक बुडाली. लंडनने सौम्य देखरेखीचा अभिमान मिरवला. २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेच्या प्रमुखांनी २०१५ मध्ये सिनेटकडे, किती मोठ्या बँकेपासून कडक देखरेख सुरू करायची ती मर्यादा वाढवा, अशी मागणी केली, २०१८ मध्ये ती ५० अब्ज डॉलरवरून २५० वर गेली, आणि मार्च २०२३ मध्ये ती बँक एका आठवड्यात संपली.

परदेशातला कुणी आपल्या बँकेच्या हमीपत्रावर माल पाठवतो, तो त्या बँकेच्या ताळेबंदावर विश्वास ठेवून. तो विश्वास कडक तपासणीतून येतो. एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेत पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक विलीन केल्या, २०२० मध्ये दहा सरकारी बँकांच्या चार केल्या. आकार वाढला, ठीक. पण वरच्या कर्जांची तपासणी ढिली राहिली तर त्या आकाराचा उपयोग नाही. तिथे नियम आणखी कडक हवेत, आणि खाली आहेत तेवढेच पाळा.

प्रश्नोत्तरांना वेळ नाही म्हणतात. मग एकच काम सांगतो. कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा. छोट्या कर्जाला ते लेखी देणं बँकेवर बंधनकारक आहे. दिलं नाही, तर आधी बँकेकडेच तक्रार टाका, पोच घ्या, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे लागत नाहीत. अर्ज लिहायला कुणाला अडचण असेल, तर मी खाली पायऱ्यांवर थांबतो. सातबारा सोबत असू द्या.