नवा भिडू आणि बिनबंदुकीचं विमान

(दृश्य: रात्र. भुसावळ यार्डातले दिवे. मग एका घरातला संगणक, पडद्यावर धावपट्टी.)

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत भरदुपारी संगणक लावला, तर त्याचा पंखा भणभणायला लागतो आणि खोलीत बसवत नाही. म्हणून इथली विमानं रात्रीच उडतात. जेवणं उरकली, गच्चीवर अंथरुणं पडली, की एकेक जण हेडफोन चढवतो. कुणी रावेरचा केळीवाला शेतकरी, कुणी रेल्वेत नोकरीला. एक जण शहाद्याचा, पण पोटापाण्यासाठी पुण्यात. गावं वेगवेगळी, तरी रात्री सगळ्यांचा तळ एकच: काळ्या समुद्राच्या काठावर, जॉर्जियातलं बातुमी.

(दृश्य: पडद्यावर बातुमीची धावपट्टी, पलीकडे समुद्र.)

हे डीसीएस वर्ल्ड, लढाऊ विमानांचं सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर खऱ्यासारखं विमान उडवायचा खेळ. मूळ प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्याच्याबरोबर कॉकेशसचा नकाशा आणि दोन विमानंही येतात, सुखोई-25टी आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं पंख्याचं टीएफ-51 मस्टँग. पुढची विमानं विकत घ्यावी लागतात आणि ती स्वस्त नाहीत. म्हणून नवा पोरगा आला, की स्क्वाड्रनमधले, म्हणजे एकत्र उडणाऱ्या या गटातले मोठे त्याला आधी बजावतात: सध्या एक रुपयाही घालू नको.

येणाऱ्या बहुतेकांना मिग-21 हवं असतं. त्यात नवल नाही. यातली बरीच विमानं बनली शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, ओझरला. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला हवाई दलानं त्यांना निरोप दिला, तेव्हा इकडच्या घराघरांत तो मोबाइलवर पाहिला गेला. शिरपूरला आणि धुळ्याजवळ गोंदूरला वैमानिक घडवणाऱ्या धावपट्ट्या आहेत. त्या भागातली पोरं शेतात उभी राहून शिकाऊ विमानांच्या घिरट्या बघतच मोठी होतात. विमानाचं वेड इथं मुळात आहेच. पण उतरतानाही ताशी 300 किलोमीटरच्या आसपास धावणारं मिग पहिल्याच रात्री हातात दिलं, तर पोरगा धावपट्टीवर आपटत राहील आणि चार दिवसांत कंटाळून निघून जाईल.

(दृश्य: हेडफोन लावलेला तरुण. टेबलावर साधी जॉयस्टिक. कानात आवाज.)

"ये भाऊ. आवाज येस का तुले?"

"येस ना, दादा."

स्वागत एवढंच. नाव-गाव, कुठली जॉयस्टिक, इंटरनेट कुणाचं, हे विचारून झालं, की त्याला मस्टँगमध्ये बसवतात. या टीएफ-51 ला बंदुका नाहीत. पहिलं विमान बिनबंदुकीचं असावं, हे मला फार पटतं. गोळी झाडताच येत नसल्यामुळे पोराचं सगळं लक्ष विमान सांभाळण्यावर राहतं.

आणि ते सांभाळणं सोपं नाही. मस्टँगचं शेपटीकडचं चाक छोटं, नाक वर. धावपट्टीवर उभं असताना समोरचं काही दिसत नाही. जॉयस्टिकची काठी पोटाशी ओढून धरली, की शेपटीचं चाक लॉक होतं. मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, हळूहळू पुढे सरकवायचा. एकदम रेटला तर पंख्याच्या जोरानं विमान डावीकडे खेचलं जातं आणि गवतात घुसतं. त्यासाठी उजवा रडर, म्हणजे शेपटीचं पातं वळवणारं पायाखालचं पेडल, आधीच दाबून ठेवायचा. साध्या जॉयस्टिकवर पेडल नसतं, तिथं त्यासाठी मनगट पिळावं लागतं. शेजारी दुसऱ्या विमानात बसलेला दादा सांगत असतो, "उजवा पाय... अजून थोडा... आता शेपूट उचलू दे." पोरगा गवतात गेला, तर कुणी हसत नाही. पुन्हा धावपट्टीच्या टोकाला, पुन्हा उजवा पाय.

(दृश्य: दोन मस्टँग आकाशात, एक पुढे, एक उजव्या बाजूला जरा मागे.)

चाकं जमिनीवरून सुटली, की खरी शाळा सुरू होते. पुढचा लीड, मागचा त्याचा विंगमन. रेडिओवर तो "टू". टूला चार शब्द पाठ करायचे असतात. आपला साथी दिसतोय, तर "व्हिज्युअल". साथी हरवला, तर "ब्लाइंड". शत्रू दिसतोय, तर "टॅली". शत्रू दिसत नाही, तर "नो जॉय". नाटो देशांचे लढाऊ वैमानिकही हेच बोलतात.

या चारांत सगळ्यात अवघड शब्द "ब्लाइंड". नव्याला वाटतं, लीड दिसत नाही असं सांगितलं, तर आपली लाज जाईल. तो गप्प राहतो, डोकं भिरभिर फिरवत शोधत बसतो, आणि तेवढ्या वेळात दोन विमानं एकमेकांवर आदळू शकतात. म्हणून इथं पहिल्या रात्री लीड मुद्दाम ढगाआड जातो आणि विचारतो, "टू, व्हिज्युअल?" थोडा वेळ शांतता. मग बारीक आवाजात, "ब्लाइंड, दादा." लगेच उत्तर: "शाबास. मी तुझ्या दहा वाजता, वर. पंख हलवतोय." (समोर घड्याळ धरलं, तर दहाचा आकडा जिथे, तिकडे.) तिकडे डावीकडे दोन पंख डुलताना दिसतात आणि पोरगा ओरडतो, "व्हिज्युअल, व्हिज्युअल!"

काही स्क्वाड्रनमध्ये नव्याला पहिल्याच दिवशी पाडून दाखवतात, म्हणजे त्याला जागा कळते म्हणे. मला ती पद्धत चुकीची वाटते. पडण्याची भीती बसलेला विंगमन "ब्लाइंड" म्हणणारच नाही, आणि असा विंगमन लीडच्या काय कामाचा? चांगल्या लीडची ओळख किती विमानं पाडली यावर ठरू नये. त्यानं किती रात्री आपला वेग कमी ठेवून नव्याला सोबत आणलं, ते बघावं.

(दृश्य: शेतातली मोटर. अंधारात टॉर्च.)

मध्येच कुणीतरी म्हणतो, "थ्री फेज आली, मी मोटर लावून येतो." शेतीची थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत आली, की केळीला पाणी तेव्हाच द्यावं लागतं. त्याच्या विमानाला ऑटोपायलट असेल, तर ते गोल फिरत राहतं, बाकीचे त्याच्याभोवती थांबतात. घरची वीज गेली तर माणूसच गायब होतो. नव्याला हेही समजावून ठेवतात: कुणी अचानक नाहीसा झाला तर रागावू नको, तळावर परत ये आणि वाट बघ.

(दृश्य: थंडीतलं शेत. तुराट्यांच्या जाळावर वांगी.)

थंडी पडली, की भरीत पार्टी. हिरवी भरताची वांगी तुराट्यांवर भाजायची, मिरच्या-लसूण घालून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी. वर्षभर नुसता आवाज ओळखीचा असलेली माणसं तिथं समोरासमोर बसतात. पुण्याचा शहादेकर सुट्टी काढून येतो. "तू तो, पंख हलवणारा?" अशी ओळख निघते, आणि जेवता जेवता हात हवेत विमानांसारखे वळायला लागतात.

आता नंदुरबारहून एक नवीन मुलगी येतेय, कॉलेजात आहे. तिच्याकडे जॉयस्टिक नाही. जळगावच्या एकाकडे जुनी पडून होती. तिचा रडर थोडा अडखळतो, म्हणून त्यानं ती खोलून पुसली, वंगण दिलं आणि एसटीच्या पार्सलनं पाठवली. शुक्रवारी रात्री ती मुलगी मस्टँगमध्ये बसेल, आणि लीड कोण होणार यावरून तिघांत आत्ताच बोलाचाली सुरू आहे.