केमिस्ट्रीचे सर आणि अठरा वर्षं रखडलेला ऑपेरा

बारावीला सायन्स होतं त्यांनी हात वर करा. आल्डॉल रिअ‍ॅक्शन, दोन रेणू जोडून मोठा रेणू करणारी, आठवतेय? डोकं उठायचं ना? तर ती शोधणाऱ्यांत दोन नावं येतात, साल १८७२, एक फ्रान्सचा वुर्ट्झ आणि दुसरा सेंट पीटर्सबर्गचा अलेक्झांडर बोरोदिन. हाच बोरोदिन रशियाच्या सगळ्यात मोठ्या संगीतकारांपैकी एक. हो, तोच, दुसरा कोणी नाही.

जन्म १८३३ चा. बाप जॉर्जियन सरदार, पण लग्नाबाहेरचं मूल, म्हणून कागदावर बाप लावला पोर्फिरी बोरोदिन नावाचा घरातला भूदास नोकर. म्हणजे आडनावच उसनं! पुढे पोरगा डॉक्टरकी शिकला, मेडिकल अकॅडमीत केमिस्ट्रीचा प्रोफेसर झाला, आणि संगीत? ते वेळ मिळाला तर.

त्याची दोस्तमंडळी पण तसलीच. मुसोर्गस्की सरकारी ऑफिसात, रिम्स्की-कोर्साकोव्ह नेव्हीत, क्युई लष्करी इंजिनियर, आणि या सगळ्यांना पुढे ढकलणारा बालाकिरेव्ह. बोरोदिन धरून या पाच जणांनी रशियन संगीताला स्वतःचा आवाज दिला, आणि कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीताच्या कॉलेजात, रीतसर शिकलेलं त्यातलं कोणीच नव्हतं.

पण बोरोदिनच्या घरी काम व्हायचं कसं ते ऐका. रिम्स्कीने आठवणींत लिहून ठेवलंय, की पियानोवर बसलेला माणूस मधेच उठून लॅबकडे पळायचा, काही जळत तर नाही ना बघायला. घरात कायम नातेवाईक, कोणी ना कोणी झोपलेलं, मग पियानो वाजवायची पंचाईत, आणि मांजरी तर थेट जेवणाच्या टेबलावर, लोकांच्या ताटापर्यंत. शिवाय बायकांसाठी मेडिकलचे कोर्स सुरू करण्यात हा पुढे, त्यांच्या मीटिंगा वेगळ्याच. तो स्वतः म्हणायचा की आजारी पडून लेक्चर बुडालं की मगच संगीत लिहून होतं, म्हणून मित्र त्याला बरा हो म्हणायच्या ऐवजी आजारी पड म्हणतात. मला तर हे वाचून हसूही आलं आणि कसंसंही झालं.

'प्रिन्स इगोर' हा ऑपेरा त्याने १८६९ ला हातात घेतला. दहा वर्षं होत आली तरी कॉन्सर्टसाठी द्यायचे तुकडे तयार नाहीत म्हणून मित्र घरी येऊन बसले, रात्री जागून मदत केली, आणि बोरोदिनने काय केलं, तर पेन्सिलने लिहिलेलं पुसलं जाऊ नये म्हणून कागदांना जिलेटिनचा हात दिला आणि धुतलेल्या कपड्यांसारखे दोरीवर वाळत घातले. केमिस्ट शेवटी केमिस्टच!

ऑपेरा मात्र राहिला तो राहिलाच. फेब्रुवारी १८८७, एक फॅन्सी ड्रेस पार्टी, हा रशियन पारंपरिक पोशाखात मजेत गप्पा मारतोय, आणि बोलता बोलता खाली कोसळला, गेला. वय ५३. मग रिम्स्की आणि ग्लाझुनोव्ह नावाचा संगीतकार यांनी ऑपेरा पुरा केला, १८९० ला रंगमंचावर आला, आणि त्यातले पोलोव्हत्सियन डान्सेस तुम्ही शंभर टक्के कुठेतरी ऐकलेत, फक्त नाव माहीत नसेल. त्याच्या चाली घेऊन न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'किस्मेत' हे संगीत नाटक आलं आणि १९५४ ला बोरोदिनला नाटकांसाठीचं टोनी अवॉर्ड मिळालं, मेल्यावर ६७ वर्षांनी.

पण सुरुवात तिथून करू नका. त्याचं दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो) लावा, त्यातला तिसरा भाग, नॉक्टर्न, म्हणजे रात्रीचं शांत संगीत. बायकोला अर्पण केलेलं आहे, आणि हे मात्र पठ्ठ्याने भराभर लिहून काढलं, १८८१ च्या उन्हाळ्यात, गावाकडे सुट्टीवर होता तेव्हा.