मिरगाच्या सरीत तडकणारी अबोली

(दृश्य : खळ्याच्या कडेला, चिऱ्याच्या गडग्याला लागून अबोलीची रांग. पहिला पाऊस.)

पावसाच्या आवाजात मधूनच येणारं हे बारीक ‘टक्, टक्’ नीट ऐका. मिरगाची पहिली सर पडली, की अबोलीची वाळलेली बोंडं अशी तडकतात. साधारण चार बिया असतात एका बोंडात. वैशाखात ते उन्हाने वाळतं, आक्रसतं आणि आतल्या आत ताण धरून बसतं. पाण्याचा थेंब लागला की सांधा सैल होतो, दोन्ही पाकळं झटक्यात उलगडतात आणि बियांना टेकलेल्या टणक आकड्या त्यांना दूर उडवतात. उन्हाळ्यात बी सांडलं असतं, तर तापलेल्या मातीत करपलं असतं. पाऊस आल्याची खात्री झाल्यावरच हे झाड आपलं बी सोडतं. परसातल्या एका झुडपात एवढी समज असावी, याचं नवल कितीही वेळा पाहिलं तरी ओसरत नाही.

(दृश्य : दोन-दोन पानांची रोपं.)

अबोली मूळची दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. उबदार, दमट हवा तिला मानवते. बी मातीत खोल पुरायचं नाही, वरून माती नुसती भुरभुरायची. उबेत दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. रोप वीतभर झालं की दोन झाडांत हातभर अंतर ठेवून लावायचं. ‘दिल्ली’ नावाची गडद केशरी अबोली मात्र बी धरत नाही. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात. तिची फांदीच लावावी लागते.

आता खरी काळजी. ज्या पाण्याने बी जागं होतं, तेच पाणी मुळाशी साचलं तर झाड जातं. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच. कातळावर मातीचा थर पातळ असला की पाणी खाली जिरत नाही. म्हणून अबोली सपाटीला लावू नये. चिऱ्याचे तुकडे खाली घालून वाफा वीतभर उंच करावा. तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि नदीची जाड रेती एवढं पुरतं.

पुळणीवरची वाळू मात्र घालू नका. तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुनाही. चुन्यामुळे मातीतलं लोह मुळांना उचलता येत नाही. मग शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान पिवळं पडतं. जांभ्याची माती मुळात आंबट, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

न्हाणीचं पाणी अळूला आणि केळीला जाऊ द्या. त्या ओलीत अबोली नको. सकाळचं ऊन आणि दुपारी माडा-पोफळींची विरळ सावली, ही तिची जागा.

(दृश्य : हिरवं असतानाच माना टाकलेलं एक झाड.)

असं झाड दिसलं की मुळासकट उपटा. बहुतेकदा मुळांना बुरशी किंवा सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे बारीक जंत, लागलेले असतात. त्याच खड्ड्यात पुन्हा अबोली लावू नका. कडुनिंबाची पेंड मिसळा आणि तिथे एक हंगाम झेंडू लावा. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतात.

(दृश्य : फुलं खुडणारे हात.)

अबोलीचा तुरा खालून वर उमलत जातो. म्हणून तुरा मोडायचा नाही, उमललेलं फूल तेवढं अलगद ओढायचं. पूर्ण उमलून गेलेले तुरे पानाच्या वरून कापले, तर झाडाची ताकद बियांत न जाता नव्या तुऱ्यांत जाते. बियांसाठी झाडामागे एक-दोन तुरे राखले की पुरे.

या फुलाला वास नाही. पण मोगरा संध्याकाळपर्यंत मलूल होतो, तेव्हाही अबोली टवटवीत असते, आणि वजनाला इतकी हलकी, की भरगच्च वळेसर माळला तरी केसांना भार होत नाही. म्हणूनच गौरीच्या वेणीत तिचा मान मोठा. केळीच्या वाळलेल्या सोपाचा दोरा पाण्यात भिजवून घेतात आणि फुलांचे देठ आलटून पालटून त्यात गुंततात. वेणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची असेल, तर तिच्यावर थोडं पाणी शिंपडा, केळीच्या पानात सैल गुंडाळा आणि गारव्याला ठेवा.