वासराचं पोट आणि डब्यातले जंतू

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे छापलंय 'वासरांसाठी प्रोबायोटिक : कोणतं, कधी, किती'. त्यावर बोलणार आहेच, पण मी थोडा आडवाटेने जातो, आणि ज्यांनी मला आधी ऐकलंय ते आत्ताच खुर्चीत मागे रेलून बसलेत, दिसतंय मला.

तर आधी माझी तक्रार. प्रोबायोटिकचा, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंच्या पावडरीचा, डबा आपण उघडतो कधी? वासरू हगायला लागलं की. शेपटी भरली, मागचे पाय बरबटले, की कुणीतरी पळत जाऊन डबा आणतो. दोन-तीन दिवस पावडर दिली, वासरू उभं राहिलं, की काय पावडर आहे राव! अहो, साध्या हगवणीची बरीचशी वासरं दूध आणि पाणी नीट मिळालं तर तशीही सावरतात, पावडर फक्त तेव्हा हजर असते. आणि वासरू दगावलं तर सगळी पावडर फसवी. दोन्हीकडे न्याय चुकतोच.

एक गोठा सांगतो, नाव-गाव विचारू नका. मालक हौशी, गोठा चकाचक, भिंतीवर तक्ता, कुठल्या कालवडीला किती दूध, सगळं लिहिलेलं. मला म्हणाले, साहेब आमच्याकडे सगळं शास्त्रोक्त. म्हटलं दाखवा. तर पातेल्यात दूध उकळतंय, का तर जंतू मरावेत म्हणून, चांगली गोष्ट आहे. आणि त्याच रटरटत्या दुधात त्यांनी डब्यातनं मोजून पावडर टाकली, चमच्याने सपाट करून, वर पुन्हा दोन उकळ्या. मी म्हटलं, दादा, यात काय आहे? म्हणाले, जिवंत जंतू. म्हटलं, आणि उकळताय कशाला? म्हणाले, जंतू मारायला. मग एकदम थांबले, माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि आतून मुलाला हाक मारली की अरे डब्यावरचा कागद वाच रे. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांचा डबा पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाच्या खिडकीत असेल. तोही शिजतोच, फक्त सावकाश. बरं, त्या दादांच्या तक्त्यावर अँटिबायोटिकच्या गोळीचा रकानाही होता, सकाळी, पावडरीच्या बरोबरच! म्हणजे आधी उकळून मारायचे, त्यातनं कुणी वाचलाच तर गोळी.

हां, जिवंत जंतू खाऊन तब्येत सुधारते ही कल्पना जुनी आहे. मेचनिकॉफ नावाचे शास्त्रज्ञ, १९०८ चं नोबेल त्यांना प्रतिकारशक्तीच्या कामासाठी मिळालं, ते आंबवलेल्या दुधातल्या जंतूंनी म्हातारपण लांबतं म्हणायचे आणि स्वतःही तसलं दूध प्यायचे. गेले ७१ व्या वर्षी. तेव्हा आयुष्य वाढवायचा दावा सोडून देऊ, पोटापुरतं बोलू.

मला जे पटवायचंय ते एवढंच, की ही पावडर आजाराआधीची आहे. जन्मताना वासराचं आतडं जवळपास कोरं असतं. मग सडावरचे, जमिनीवरचे, शेणातले जंतू काही तासांत आत पोचतात, आणि जो आधी रुमाल टाकतो त्याची जागा. लॅक्टोबॅसिलस, बायफिडोबॅक्टेरियम वगैरे डब्यातली मंडळी आधी बसली तर ती आतड्याच्या भिंतीवरच्या जागा अडवतात, अन्न खाऊन टाकतात, आम्ल तयार करतात, मग ई. कोलाय, साल्मोनेला या हगवण लावणाऱ्या जंतूंना पाय रोवणं जड जातं. हगवण लागल्यावर त्यांना आत सोडायचं म्हणजे गाडी भरल्यावर तिकीट काढणं झालं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता पाच मिनिटांत. असू दे, पळतो.

पहिलं, चीक. गाईच्या वारेतून अँटीबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, वासरापर्यंत पोचत नाहीत, सगळी भिस्त चिकावर, आणि आतडं त्या अँटीबॉडी जेमतेम २४ तास आत घेतं, तेही तासागणिक कमी होत. ४० किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत साधारण ४ लिटर, चिकाचा कस मोजणारा ब्रिक्स मीटर असेल तर २२ च्या वरचा चीक. हे चुकलं तर डब्यातला कुठलाच जंतू भरपाई करत नाही.

मग पावडर. पहिल्या दिवसापासून, रोज, दुधातून, आणि दूध वासराच्या अंगाइतकं कोमट. चोखताना अन्ननलिकेची खाच मिटते आणि दूध कोटीपोट, म्हणजे पहिलं मोठं पोट, चुकवून थेट चौथ्या पोटात जातं, दूध प्याल्यावर तिथलं आम्लही थोडा वेळ सौम्य होतं, म्हणून दुधाबरोबरच. खुराकाच्या कांडीत घालायचं असेल तर बॅसिलस सबटिलिससारखे बीजाणूवाले, म्हणजे टणक कवचात झोपून राहणारे जंतू घ्या, ते कांडीची उष्णता सोसतात, लॅक्टोबॅसिलस सोसत नाही. यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस, कोटीपोट चालू व्हायला लागलं की, काफ स्टार्टर म्हणजे वासरांच्या पहिल्या खुराकाबरोबर. डब्यावर जंतूचं पूर्ण नाव, सीएफयूचा म्हणजे जिवंत जंतूंच्या संख्येचा आकडा आणि तो आकडा कुठल्या तारखेपर्यंत टिकतो हे तिन्ही नसेल तर घेऊ नका. आणि स्वच्छ गोठ्यातल्या धडधाकट वासराचं वजन याने झपाट्याने वाढेल अशी आशा धरू नका, गर्दी, वाहतूक, दूध बदलणं असल्या ताणाच्या वेळी फरक जास्त दिसतो.

हगवण लागलीच तर आधी पाणी आणि क्षार, कारण वासरू जास्त करून मरतं ते सुकून आणि रक्त आंबट होऊन. डोळे खोल गेलेत का, मानेची कातडी चिमटून सोडली तर लगेच बसते का बघा. दूध बंद करायचं नाही, पण बायकार्बोनेटवालं ओआरएस दुधात मिसळायचं नाही, त्याने चौथ्या पोटात दूध फाटून घट्ट व्हायला अडतं, दोन पाजण्यांमध्ये अंतर ठेवा. शेणात रक्त, अंग थंड, वासरू उठेना, की डॉक्टर.

किती डोस, ते कंपनीगणिक वेगळं असतं, लेबल बघा. झालं, वेळही संपली. तो मागचा हात कधीचा वर आहे, विचारा.