प्रेरणा विचारू नका, खोडलेलं दाखवायला सांगा

नमस्कार मंडळी. बडोद्याहून बोलतेय, दांडिया बाजारातल्या आमच्या वरच्या खोलीतून. खालून भाजीवाल्याचा आवाज येत राहील, तेवढा आज चालवून घ्या.

स्वतःची गाणी स्वतः लिहून बसवणारे गायक-वादक आणि व्यंगचित्रकार यांच्याशी गप्पांची आपली मालिका सुरू झाली तेव्हापासून एक प्रश्न सतत येतोय. "ताई, ही माणसं तुमच्यासमोर इतकी मोकळी कशी होतात? आम्ही विचारलं की दोन वाक्यांत गप्प." हल्ली बरेच जण आपापल्या गावातल्या कलाकारांशी बोलून व्हिडिओ टाकायला लागलेत, मला त्याचा फार आनंद आहे, म्हणून आज हे सविस्तर.

माइकचं वगैरे पटकन उरकते, त्यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. पंखा बंद, हो, मे महिन्यातसुद्धा. फोन एअरप्लेन मोडवर. बोलणं सुरू व्हायच्या आधी खोलीतली नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, एडिटिंगमध्ये सांधे जोडताना लागते. दोन कॅमेरे असतील तर सुरुवातीला एक टाळी, म्हणजे दोन्हींचं चित्रण नंतर जुळवता येतं. झालं.

आता मुद्द्याचं. "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. मला या प्रश्नाचा मनापासून राग आहे. कलाकार बिचारा याचं उत्तर शंभर वेळा देऊन बसलेला असतो. निसर्ग, आई-वडील, गुरू, समाज. उत्तर खोटं नसतं, पण त्यात तो माणूस कुठेच नसतो. तुम्ही नाशिकच्या कवीला विचारा नाहीतर बडोद्याच्या गिटारवाल्याला, तेच चार शब्द परत येणार.

त्याऐवजी काय? त्याचं एकच काम समोर ठेवा, आणि त्यातली खोडलेली जागा शोधून विचारा: "इथे आधी काय होतं?" बस. आजचा सगळा व्हिडिओ या एका वाक्यावर आहे.

मागे एक भाग केला होता, आठवतो का? गुजराती दैनिकात वर्षानुवर्षं चित्रं देणारे काका. घरात मराठी, चित्रात गुजराती. त्यांचं छापलेलं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून मी मूळ कागद मागितला. त्यांनी कपाटाच्या माथ्यावरून फाइल काढली. कार्ट्रिज पेपर, कडा पिवळ्या पडलेल्या, शाईच्या खाली पेन्सिल अजून दिसतेय, आणि मधोमध पांढऱ्या पोस्टर कलरचा जाड डाग. चित्र ऑगस्ट २०२४ च्या पुराचं. विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांमध्ये शिरलं होतं आणि पाण्याबरोबर मगरीसुद्धा आल्या होत्या, बडोदेकरांना सांगायला नको. चित्रात सोसायटीच्या गेटात मगर उभी आहे. वॉचमन मान खाली घालून मोबाइल बघतोय आणि न बघताच व्हिजिटर रजिस्टर तिच्याकडे सरकवतोय. शब्द एकही नाही.

मी त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. "काका, इथे आधी काय होतं?"

काका म्हणाले, "बोलण्याचा फुगा होता. मगर विचारत होती, कोणता फ्लॅट लिहू?" आणि मग स्वतःच सुरू झाले. मगर बोलली की विनोद मगरीचा होतो, आणि त्यांना तो वॉचमनचा हवा होता. म्हणून फुगा गेला. फुगा गेल्यावर सगळं ओझं वॉचमनच्या हातावर आलं, म्हणून हात परत काढला, रजिस्टर टेबलाच्या कडेबाहेर थोडं आणलं, म्हणजे ते सरकतंय हे कळावं. शि. द. फडणीसांची बिनशब्दांची चित्रं लहानपणी दिवाळी अंकांत पाहिली होती, ती तेव्हा डोक्यात होती, असंही बोलून गेले. तिथून गाडी वडिलांवर गेली. वडील रावपुऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एक अक्षर बिघडलं की सगळी पट्टी पुन्हा रंगवायला लागायची, म्हणून घरात शिस्त अशी, की आधी पेन्सिल, मग जेवण, मग ब्रश. जेवून आल्यावर चूक दिसते म्हणे.

बघा, प्रेरणा आली की नाही? वडील आले, बालपण आलं, सगळं आलं. पण मी विचारलं होतं एका पांढऱ्या डागाबद्दल.

एका दर्शकाने लिहिलंय, "हे चित्रकाराला जमतं, त्याच्याकडे कागद असतो. गाणाऱ्याचं खोडलेलं कुठे दिसणार?" चांगला प्रश्न आहे. उत्तर असं, की ते गाणाऱ्याच्या फोनमध्ये असतं. आज चाली बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनच्या रेकॉर्डरमध्ये गुणगुणलेल्या तुकड्यांची यादी पडलेली असते. तीच वही.

कारेलीबागेतला एक मुलगा आहे, नवरात्रीत गरब्याच्या पार्टीत कीबोर्ड वाजवतो. नऊ रात्रींच्या कमाईवर पुढे कितीतरी महिने स्वतःची मराठी गाणी रेकॉर्ड करतो. बडोद्यात असे बरेच आहेत, आणि या गणिताबद्दल त्यांच्याशी आदराने बोला, "पोटासाठी गरबा करतोस का रे" असल्या सुरात नको. तर त्याचं एक गाणं मला फार आवडतं. मी म्हटलं, "याचा पहिला तुकडा आहे का रे तुझ्याकडे?" त्याने बराच वेळ स्क्रोल केलं. सापडला. मागे स्कूटरचे हॉर्न, त्याची गुणगुण आणि मांडीवर धरलेला ठेका. ठेका साधा केरवा, आठ मात्रांचा. आणि आपण ऐकतो ते गाणं सहा मात्रांत झुलतं. मी विचारलं, "आधी हे असं होतं, मग?" तो गप्प. तुकडा परत लावला. परत ऐकला. मग म्हणाला, "ताई, मध्ये नवरात्र गेली." नऊ रात्री हात हींचमध्ये, म्हणजे गरब्याच्या सहा मात्रांच्या ठेक्यात, चालला होता आणि सहा मात्रा त्याच्या गाण्यात उतरल्या होत्या. ते त्याला त्या क्षणी माझ्यासमोर कळलं. मराठी शब्द, गरब्याची चाल. बडोद्याच्या मराठी माणसाचं जगणं याहून नेमकं मला तरी कुणी सांगितलेलं नाही, आणि त्याने ते सांगायचं ठरवलेलंही नव्हतं.

काहीजण म्हणतील, आता सगळं टॅबलेटवर चालतं, खोडलेलं उरतच नाही. उरतं हो. टॅबलेटवर चित्र काढणाऱ्याला लपवलेले लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, उघडायला सांगा. प्रोक्रिएट वापरणारा असेल तर ते अ‍ॅप चित्र घडतानाचा टाइमलॅप्स आपोआप ठेवतं, तो एकत्र बसून बघा आणि रेघ पुसली जाते तिथे थांबवा. संगीतवाल्याच्या लॅपटॉपवर 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा फाइली असतात. शेवटच्या फाइलमध्ये म्यूट करून ठेवलेले ट्रॅक असतात. एकेक म्यूट काढायला सांगा. एका मुलीने असाच सनईचा ट्रॅक उघडला. चांगला होता, तिने तो गाळला, कारण सनई आली की ऐकणाऱ्याला लग्नमंडप दिसतो आणि गाणं आजीच्या आजारपणाचं होतं. हा निर्णय शेवटच्या गाण्यात ऐकू येतो का? अजिबात नाही. तो फक्त म्यूट बटणाखाली असतो.

आणि यातली सगळ्यात अवघड गोष्ट अजून बाकी आहे. विचारून झालं की गप्प बसायचं. तो मुलगा तुकडा परत परत ऐकत होता तेव्हा मी जर म्हटलं असतं, "म्हणजे गरब्याचा परिणाम झाला, असंच ना?" तर तो "हो" म्हणाला असता आणि संपलं असतं. तानपुऱ्याच्या चारही तारा एकदा सावकाश छेडून होतील इतका वेळ तोंड उघडायचं नाही. "हं, हं"सुद्धा नाही, मान हलवा. आणि एडिटिंगला ती शांतता कापू नका. "मध्ये मध्ये माणूस नुसता बसलेला दिसतो, रटाळ वाटतं," अशा कमेंट मला येतात. मी त्या वाचते आणि तरीही ती जागा ठेवते. माणूस आठवतोय, हे बघायला मिळणं दुर्मीळ आहे.

"का बदललंत?" असंही लगेच विचारू नका. का म्हटलं की माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो, मुद्दे काढतो. आधी काय होतं विचारलं की तो बोटाने दाखवतो, आणि दाखवता दाखवता कारण आपसूक येतं.

अजून एका कमेंटवर बोलल्याशिवाय राहवत नाही. "बडोद्यात कोण कलाकार? पुण्या-मुंबईचे आणा." अहो, याच शहरात सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली. १८९० मध्ये कला आणि तंत्रशिक्षणाचं कलाभवन सुरू झालं, दादासाहेब फाळके तिथे शिकले. संगीताचे अभ्यासक भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये भरली ती बडोद्यात. उस्ताद फैयाज खाँ १९५० मध्ये याच शहरात वारले. मैफलीत राग तब्येतीत फुलवणाऱ्या या माणसाच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आपण ऐकतो, एका बाजूला सुमारे तीन-साडेतीन मिनिटं. त्यांना एकच गोष्ट विचारायला मिळाली असती तर मी विचारलं असतं: खाँसाहेब, तीन मिनिटांत बसवताना काय गाळलंत? ते आता विचारता येत नाही. कारेलीबागेतल्या मुलाला विचारता येतं, म्हणून मी त्याच्याकडे जाते.

पैशांबद्दल विचारा, असंही खूप जण सांगतात. विचारते, पण आकडा नाही, व्यवहार कसा चालतो ते. आणि दोन गोष्टी तुम्हालाही माहीत हव्यात, कारण कलाकारांनाच त्या पुष्कळदा माहीत नसतात. नोकरीत असलेल्या व्यंगचित्रकाराने दैनिकासाठी काढलेलं चित्र कोणत्याही वृत्तपत्रात, मासिकात किंवा तशा नियतकालिकात छापायचा हक्क मालकाचा, पण वेगळा करार केलेला नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे बाकीचे हक्क चित्रकाराकडेच राहतात. म्हणजे त्याच चित्रांचं पुस्तक तो काढू शकतो. आणि गाणेवाल्यांसाठी: स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम नसतील तर त्याचे पैसे धरलेच जात नाहीत. यावर वेगळा भाग करते.

परवानगीचं मात्र नीट ऐका. खोडलेलं ही खाजगी वस्तू आहे. कॅमेरा लावण्याआधी विचारा, आणि व्हिडिओ टाकण्याआधी ती जागा परत दाखवून पुन्हा विचारा. काकांच्या फाइलमध्ये संपादकांनी परत केलेली चित्रंही होती. ती मी पाहिली, दाखवली नाहीत, कारण त्यांनी नको म्हटलं.

"प्रश्न आधी पाठवायचे का?" हा कालच आलेला प्रश्न. नाही पाठवायचे, उत्तरं पाठ होतात. मी एवढाच मेसेज करते, हवा तर स्क्रीनशॉट घ्या: "दादा, रविवारी येतेय. तुमचं आवडतं एक काम निवडून ठेवा, आणि त्याचे जुने रफ, रेकॉर्डिंग, फाटलेली पानं, जे असेल ते काढून ठेवा. तयारी काही करू नका."